पहिला डाव माझा, दुसरा मुन्सिफचा

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मापांच्या वहीची मागची पानं कोरी असतात, तिथे लिहितोय. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या आणि बाह्या, मागून माझा जळफळाट. ही बाजू कुणी उघडत नाही.

मुन्सिफनं सामन्यांची तिकिटं काढली. दोन. आणि मला कळलं कुणाकडून? झरवली खानाकडून! हा स्वातचा टॅक्सीवाला आमच्या खोलीत येऊन जेमतेम चार महिने झाले, आणि जेवताना रोटी मोडत मलाच सांगतो, "मास्टरजी, लालानं माझ्या कार्डावर तिकिटं घेतली. माझ्याच फोनमध्ये आहेत." लाला म्हणजे थोरला भाऊ, म्हणजे आमचा मुन्सिफ. चार महिन्यांत लाला झाला त्याचा.

मुन्सिफ समोरच बसला होता. म्हणाला, "ओये फराजे, खिडकीवर तिकिटं विकत नाहीत आता. सगळं कार्डावर. माझ्याकडे कुठलं कार्ड?"

"मला विचारायचंस."

"तुझ्याकडे आहे?"

"नाही."

"मग?"

मग काय! विचारायला काय जात होतं?

भारत-पाकिस्तानचं तिकीट सुटं देतच नाहीत म्हणे. सात सामन्यांचा गठ्ठाच उचलायचा. एक आंबा हवा असेल तर सहा कैऱ्याही घ्या, अशातली गत. एका खुर्चीचे तेराशे दिरहम. मुन्सिफला सिमेंटच्या विटांच्या कारखान्यात महिन्याला अठराशे मिळतात, आणि या गृहस्थानं दोन खुर्च्या घेतल्या. एक त्याची. दुसरी कुणाची ते तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. मी काय भिकारी आहे?

सोमवार, ६ ऑक्टोबर

हातून आज एका कंदुऱ्याची, अरबी झग्याची, कॉलर उलटी लागली. डोकं ठिकाणावर नाही.

आम्ही दोघं पाकिस्तानातल्या एकाच गावचे. घरं पाठीला पाठ लावून. शारजात आलो तेही एकाच महिन्यात, सव्वीस वर्षांपूर्वी. तेव्हा सामना असला की आम्हाला एकच तिकीट परवडायचं. मग पहिला डाव मी आत, मुन्सिफ बाहेर भिंतीजवळच्या कडुलिंबाखाली रेडिओ कानाला लावून. डाव संपला की मी बाहेर यायचो, तिकिटाचा अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवायचो, तो आत. गेटवरचा म्हातारा मलबारी सगळं ओळखून होता, पण कधी बोलला नाही. नियम एकच होता, डाव संपला की ताबडतोब बाहेर. एकदा आत मारामारी पाहण्यात मी दहा मिनिटं उशीर केला, तर मुन्सिफ दोन दिवस माझ्या हातचा चहा प्यायला नाही.

म्हणजे बघा, सव्वीस वर्षांत आम्ही दोघांनी शेजारी बसून मैदानात एकही सामना पाहिलेला नाही. नंतर पैसे आले तेव्हा माझी ईदची शिलाई तरी असायची, नाहीतर त्याची पाळी तरी. बोलायचो मात्र नेहमी, एकदा बसू, बसू एकदा.

आणि आता दोन खुर्च्या आल्या, तर शेजारी टॅक्सीवाला.

बुधवार, ८ ऑक्टोबर

दुपारी मुन्सिफ दुकानाच्या दारात. "चल, येतोस? आज ओमान आणि हाँगकाँग."

"ओमान-हाँगकाँगसाठी दुकान बंद करू? वेड लागलंय का मला?"

"बरं," म्हणाला. एवढंच. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. बाहेर खानानं हॉर्न वाजवला आणि हा निघाला.

दुकानातल्या टीव्हीवर सामना लावला. बघायचा नव्हता, पण लावला. अख्खं मैदान ओस. खुर्च्याच खुर्च्या. समालोचकसुद्धा म्हणायला लागला, गर्दी जरा कमी दिसते. जरा कमी! चेंडू सीमारेषेपार गेला तर आणून द्यायला माणूस नाही. मधल्या स्टँडमध्ये कुठल्याशा कंपनीनं कामगारांच्या दोन बसगाड्या फुकट आणून ओतल्या होत्या, ते बिचारे डब्यातली बिर्याणी खाऊन झोपले होते.

आणि कॅमेरा फिरत फिरत नेमका त्या दोघांवर. मागे-पुढे, डावी-उजवीकडे कुणी नाही, मधोमध हे दोघेच. मुन्सिफ खानाच्या कानात काहीतरी सांगतोय, खान मान हलवतोय. मुन्सिफनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हजारो खुर्च्या मोकळ्या होत्या, एक सोडून बसले असते तर काय बिघडलं असतं?

मी टीव्ही बंद केला. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो मास्टर, आत्ताच विकेट पडली." म्हटलं, पडू दे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज जिवाला फार लागलं. मुन्सिफ खानाला डाळ शिकवत होता.

त्याची ती डाळ! लसूण कधी टाकायचा, मिरची मोडून की अख्खी, झाकण किती वेळ. सव्वीस वर्षं मी ती डाळ खातोय. आज ते सगळं त्या खानाला हातचं न राखता सांगत होता. "गॅस बंद केल्यावर जिरं. आधी नाही. फराज लगेच ओळखतो. आणि तो नावं ठेवणारच, तिकडे लक्ष द्यायचं नाही."

मी म्हणालो, "मला कधी शिकवली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"विचारायला कशाला हवं? मी इथेच होतो ना!"

खान हसला. त्याला हसायला काय झालं? वर मुन्सिफनं आपला प्रेशर कुकरही त्याला देऊन टाकला. तो कुकर आम्ही दोघांनी मिळून घेतला होता, अर्धे पैसे माझे. मूग गिळून जेवलो. डाळ चांगली झाली होती, हेच तर दुखणं.

रविवार, १२ ऑक्टोबर

मुन्सिफनं कापडाचा ढीग आणून टाकला. आठ सलवार-कमीज. दोन मुलगे, जावई, नातू, सगळ्यांचे. सगळ्यांची मापं कागदावर लिहून.

"आठही एकदम? तू तर दर ईदला एखादाच पाठवतोस."

"या वेळी एकदमच," म्हणाला, आणि इस्त्रीकडे बघत बसला. पैसा उतू चाललाय, दुसरं काय. दोन गठ्ठे तिकिटं, आठ जोड कपडे. ज्याच्या संगतीत बसतो त्याचेच हे गुण. टॅक्सीवाले असेच उधळे.

मग त्यानं पिशवीतून हिरवं कापड काढलं. सामन्यासाठी दोन कुडते. एक त्याच्या मापाचा.

"आणि दुसरा?"

"दुसरा जरा आडवा. असं कर, तुझ्याच मापानं काप. बसेल."

माझ्या मापानं! त्या रेड्याची नि माझी अंगलट एक म्हणे! चारचौघांत कुणीही सांगेल, मी अंगानं भरलेला आहे, तो सुजलेला आहे. आणि मी, गुलफराज, ज्यानं शारजातल्या बड्या बड्या शेखांचे कंदुरे शिवले, तो आता झरवली खानाला मिरवायला कुडता शिवून देणार. माझ्याच हातानं. वा रे दोस्ती!

"देतो शिवून," मी म्हणालो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

हे दोघं आजही मैदानात. नेपाळचा सामना होता, थोडी गर्दी होती. मला येतोस का म्हणून विचारलं, मी नाही म्हणालो. परत विचारायला नको का माणसानं?

मुन्सिफनं खोलीतला त्याचा छोटा फ्रीज विकला. वर मोठं खोकं आणलंय, पलंगाखाली ठेवलंय, त्यावर गावचं नाव लिहिलंय. मी म्हटलं, काय रे, फ्रीज विकून सामान पाठवतोस? तर म्हणाला, "एवढ्या थंड पाण्याची मला सवय नको." काहीच्या काही. तिकिटांपायी कंगाल झालाय, कबूल करायला जीभ रेटत नाही एवढंच.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

भांडण झालं. लिहून ठेवतो, कारण चूक माझी नाही.

मी रोटीवाल्याकडून परत येत होतो. जिन्यात मुन्सिफनं अडवलं. "फराजे, रविवारी दुकान बंद ठेवशील? दुपारी एकपासून."

रविवार म्हणजे भारत-पाकिस्तान. आणि रविवारी स्वयंपाकाची पाळी कुणाची? मुन्सिफची. लगेच माझ्या ध्यानात आलं. साहेब खानाबरोबर मैदानात बसणार, आणि सहा माणसांच्या रोट्या-सालन मी बघायचं!

"मला जमायचं नाही."

"अरे, ऐकून तर घे."

"ऐकलं. मला माझी कामं आहेत. तुझ्या खानाला सांग."

"खानाचा काय संबंध?"

"तेच तर मी म्हणतोय, त्याचा काय संबंध!"

मुन्सिफनं जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाला, "तुझ्या डोक्यात जे काही चाललंय ते एकदा शिवून टाक बाबा." आणि वर गेला. त्याला दम लागला होता. दोन मजल्यांत दम लागतो हल्ली. साठीला आला, आणि मित्र करतोय चाळिशीतले.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज मी एक गोष्ट केली. ही पानं कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.

मुन्सिफचा कुडता नीट शिवला. काजं हातानं केली, खिशावर दुहेरी शिलाई घातली. मग दुसरा कापायला घेतला. टेप हातात घेतला आणि डोळ्यांपुढे खान आला. मैदान खच्चून भरलेलं, आणि माझ्या हातचा हिरवा कुडता घालून तो माझ्या मुन्सिफच्या खांद्याला खांदा लावून बसलाय.

छातीत तीन इंच कमी केले. काखेत कात्री आणखी आत मारली. एवढ्यानंही राग जाईना, म्हणून शिवणीच्या आत आम्ही जे जादा कापड सोडतो, पुढे-मागे सैल करायला, तेही सोडलं नाही. कडेला कडा लावून टाके घातले. आता हा कुडता कुठलाच शिंपी सैल करू शकणार नाही. एक षटकार बसला आणि खानानं हात वर केला की चर्र!

इस्त्री करून, घडी घालून मुन्सिफच्या हातात दिला. त्यानं बोटांनी कापड चाचपलं, म्हणाला, "तुझा हात तो तुझाच हात, यारा." मी पाणी प्यायला आत गेलो.

रविवार, १९ ऑक्टोबर

जसं घडलं तसं लिहितो.

दुकान उघडलं. फोन बंद करून गल्ल्यात टाकला, मुन्सिफचा आवाज ऐकायचा नव्हता. गिऱ्हाईक एक नाही. आमच्या रोल्ला बाजाराचा अख्खा रस्ता रिकामा. चारच्या सुमाराला मला बसवेना. मी शटर ओढलं आणि मैदानाकडे चालत निघालो. कशाला? तर दोघांना जोडीनं बाहेर पडताना डोळ्यांनी बघायला. आग शांत होत नाही, तर निदान पुरती तरी पेटू दे, असं झालं होतं.

मैदानाबाहेर काय जत्रा! तिकीट नसलेली शेकडो माणसं, तोंडं रंगवलेली, एकेका तिकिटाला दोन दोन हजार द्यायला तयार. ओमानच्या सामन्याला माणूस मिळत नव्हता, आज मुंगीला जागा नाही. मी गर्दीतून भिंतीपर्यंत गेलो. कडुलिंब अजून आहे, खोडाभोवती फक्त लोखंडी कठडा केलाय. तिथे उभा राहिलो. आतून गर्जना आली, लगेच कळलं, चौकार, आणि आपला. ओरड्यावरून ओळखायची सवय गेलेली नाही.

पहिला डाव संपला. आतले लोक आतच. खाणंपिणं सगळं आत मिळतं, बाहेर कोण येतं? गेटमधून एकच माणूस बाहेर पडला. गेटवाला त्याला ओरडून सांगत होता, बाबा, एकदा बाहेर पडलात की परत आत नाही, मशीन घेत नाही. हा माणूस हात हलवत, बरं बरं करत चालतच आला. हिरवा कुडता, खिशावर दुहेरी शिलाई. सरळ कडुलिंबाकडे.

"फोन का बंद ठेवतोस रे गाढवा?" मुन्सिफ म्हणाला.

"खान कुठाय?"

"टॅक्सीवर. त्याची ड्यूटी आहे. का?"

"तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

"कुणी नाही. साडेतीन तास झाले, लोकांना सांगतोय, येतोय तो, येतोय. एका सरदारजीनं तर विचारलं, चाचा, येणारा माणूस खरा आहे ना?"

आणि मी काय विचारलं, तर, "मी इथे आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?" म्हणाला. "पहिला डाव संपला ना."

मग त्यानं पिशवीतून दुसरा कुडता काढला. "हा घाल आधी. मुद्दाम तुझ्या मापाचा करून घेतला."

मी तिथेच, कडुलिंबाआड, तो कुडता अंगात चढवला. डोकं गेलं, हात गेले, छातीवर अडकला. मुन्सिफनं खाली ओढला. श्वास अर्धाच येत होता.

"वजन वाढलंय तुझं," तो म्हणाला.

"हं."

कठड्यावर बसलो. संध्याकाळची, मगरिबची अजान झाली. मग त्यानं सांगितलं. साठ पूर्ण झाली, कारखान्यानं व्हिसा पुढे वाढवला नाही. शुक्रवारचं विमान आहे. परत यायचं नाही. आत बसून, सामना बघता बघता सांगणार होता. "गेल्या वर्षी आपल्या खोलीतला इलियास कायमचा गावी गेला, तर तू महिनाभर आमच्याकडे पाठ करून जेवलास. मला वाटलं, गर्दीत सांगावं. तिथे पाठ फिरवायला जागा नसते."

आठ कमीज. फ्रीज. खोकं. डाळ. सगळं माझ्या नाकासमोर होतं, आणि मी काय मोजत बसलो होतो? खानाच्या खांद्यावरचा हात. कपाळ माझं!

"मी मोठा मूर्ख आहे, मुन्सिफ."

"ते आहेस. पण रडू नकोस, टाके उसवतील."

त्याला कळलंय की नाही, देव जाणे. मी विचारलं नाही.

आतून ढोल वाजायला लागले. मुन्सिफनं फोन काढून माझ्या हातात दिला; खानानं आजची तिकिटं त्यावर पाठवली होती. "माझं तिकीट आत जाताना वाजलं, ते संपलं. तुझं अजून कोरं आहे. जा, पळ. या वेळी पहिला मी बघितला, दुसरा तू बघ."

तेराशे दिरहमचा गठ्ठा. गेट पन्नास पावलांवर. आयुष्यात असा सामना मला परत फुकटात बघायला मिळणार नाही. फोन हातात धरून मी गेटकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. तो सरकून कठड्यावर माझी जागा सोडून बसला होता, म्हणजे मी गेल्यावरही ती जागा तशीच राहिली असती.

मी फोन त्याच्या खिशात टाकला आणि बसलो.

"अरे, वाया जाईल!"

"जाऊ दे."

"तेराशे दिले आहेत मी त्याचे!"

"मग मला विचारून द्यायचे होतेस."

पन्नास षटकं आम्ही भिंतीच्या बाहेर बसून ऐकली. हा ओरडा कुणाचा, तो कुणाचा, यावर तीनदा भांडलो. एक झेल त्याला वाटला सुटला, मला वाटला पकडला, मी बरोबर निघालो. मध्येच आतून भोंग्यावर सांगितलं, आज मैदान पूर्ण भरलंय, एकही जागा शिल्लक नाही. मुन्सिफ म्हणाला, "दोन आहेत की रे," आणि एवढा हसला की त्याला ठसका लागला. पाठ थोपटायला गेलो तर माझा हात वर उचलेना.

हरलो. चार गडी राखून हरवलं त्यांनी.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

विमानतळावर खानाच्या टॅक्सीतून गेलो. खोक्याचं वजन तीन किलो जास्त भरलं, तिथेच उघडून माझ्या घरच्यांसाठी घेतलेली दुलई बाहेर काढावी लागली. मला न सांगता ती तो गावी नेत होता! "तुझ्या घरी देणार होतो," म्हणाला. आता ती माझ्याच पलंगावर आहे.

गळाभेट घेतली. आत जाताना त्यानं खानाकडे बोट दाखवून मला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. मला समजलं. मी न समजल्यासारखं केलं.

आता त्या गावाचा हेवा वाटतोय. तिथल्या चहाच्या टपरीवर आजपासून रोज संध्याकाळी कुणी ना कुणी त्याच्या शेजारी बसणार. ज्यांना त्याची काही किंमत नाही असले लोक.

परत आल्यावर कुडता उसवायला घेतला. सैल करावा म्हटलं. आत कापडच नाही, मीच ठेवलेलं नाही. कडेला कडा. तसाच घडी घालून ठेवला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

झरवलीनं डाळ केली. जिरं गॅस बंद केल्यावरच टाकलं होतं. मी म्हणालो, मुन्सिफसारखी नाही झाली.

"लाला म्हणाला होता, तुम्ही असंच म्हणणार," खान म्हणाला. हेही त्याला सांगून ठेवलंय!

मग जरा चाचरत तो म्हणाला, "मास्टरजी, उद्या गठ्ठ्यातला शेवटचा सामना आहे. ओमानचाच. दोन्ही तिकिटं कोरी पडली आहेत माझ्या फोनमध्ये. लाला सांगून गेलाय, मास्टरजींना ने. येता?"

माणूस वाईट नाही. विमानतळावरून येताना सगळ्या वाटेनं त्यानं गाणं लावलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"येतो," मी म्हणालो. "पण पहिला डाव तू बघ. मी बाहेर थांबतो. डाव संपला की बाहेर ये, मग मी जातो."

"अहो, पण तिकिटं दोन आहेत! मैदान सगळं रिकामं असणार!"

"असू दे," मी म्हणालो. "आणि डाव संपला की ताबडतोब यायचं. उशीर चालणार नाही."